भिंतीवर पळणाऱ्या गाड्या

प्रश्न : मी इंडियानात राहतो. शेजारचे आजोबा विंचेस्टरच्या स्प्रिंट कार रेसच्या आठवणी निघाल्या की हात तिरका करून दाखवतात आणि गप्पच होतात. एवढं काय होतं तिथे?

उत्तर : अहो, तो तिरका हातच सगळी गोष्ट आहे! स्प्रिंट कार म्हणजे छोट्या ट्रॅकवर पळणाऱ्या हलक्या पण ताकदवान रेसच्या गाड्या. विंचेस्टरचा ट्रॅक जेमतेम अर्धा मैल, पण वळणं ३७ अंशांत उभी केलेली, म्हणजे जत्रेतला मौत का कुआँ आठवा, तसंच काहीसं, फक्त इथे एकाच वेळी डझनभर गाड्या. उतारामुळे ट्रॅकच गाडीला आत ढकलतो म्हणून वळणावरही अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय फारसा उचलावा लागत नाही, आणि घोळ तिथेच, कारण चूक झाली तर सावरायला वेळच नाही. इंडियानातलंच सेलम (१९४७ चं) आणि ओहायोतलं डेटन ही त्याचीच भावंडं, पैकी डेटन कधीच बंद पडलं.

तेव्हा ड्रायव्हरच्या डोक्यावर पिंजरा नसायचा, रोल केज सक्तीचे झाले ते सत्तरच्या दशकात. ड्रायव्हर बॉब स्वाइकर्टने १९५५ ला इंडी ५०० (इंडियानापोलिसची ५०० मैलांची प्रसिद्ध रेस) जिंकली आणि पुढच्याच वर्षी सेलमला स्प्रिंट कारच्या अपघातात जीव गमावला. आजोबा गप्प होतात ते उगाच नाही.

आणि हो, या गाड्यांना स्टार्टरच नसतो, मागून दुसऱ्या गाडीने ढकलून चालू करायच्या, आपल्या जुन्या जीपसारख्या! त्या इंजिनाच्या आवाजाबद्दल विचारा त्यांना, बोलतील बघा.