घरातला पसारा काढल्यानं माणूस खरंच नव्यानं जगायला लागतो का? वडिलांच्या पश्चात आईचं घर कसं आवरावं?

नुसतं घर रिकामं झाल्यानं माणूस नवा होत असता, तर २०१९ च्या ऑगस्टनंतर सांगलीच्या गावभागात घरटी एकेक नवा माणूस दिसला असता. त्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमचा अख्खा तळमजला पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर गाद्या, फुगलेली प्लायवूडची कपाटं, फ्रीज, आंबलेलं धान्य, अण्णांची पुस्तकं असं सगळं गाळानं माखून रस्त्यावर आलं आणि डंपरनं उचलून नेलं. अर्धं घर मोकळं झालं, आणि आई त्यानंतर जास्तच साठवायला लागली. श्रीखंडाचे रिकामे डबे, साड्यांचे खोके, मिठाईच्या दोऱ्या, कान तुटलेले कप. हाताला लागेल ते माळ्यावर, कारण माळ्यावरचं तेवढं वाचलं होतं.

तुम्ही लिहिलंय की वडील गेले, चाळीस वर्षांचं घर आहे, आई एकटी आहे, भावंडं म्हणतात दिवाळीच्या सुटीत एकदाचं उरकून टाकू. आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की पसारा गेला की आयुष्य नव्यानं सुरू होतं. आमचे अण्णा पुरानंतर काही वर्षांनी गेले. त्यानंतर आम्हीही ते घर आवरलं, माळ्यासकट, आणि या वेळी आईत फरक पडला. पुरानं तिला काही विचारलं नव्हतं. या वेळी प्रत्येक वस्तू तिच्या हातातून गेली आणि ‘जाऊ दे’ हे तिनं म्हटलं. मला तरी सगळा फरक तिथेच दिसतो.

म्हणून आईच्या पाठीमागे एक डबासुद्धा हलवू नका. आमच्या नात्यातल्या एक काकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेल्या होत्या, तेवढ्यात मुलानं-सुनेनं हौसेनं त्यांचं स्वयंपाकघर नवं करून टाकलं. चकचकीत ओटा, बंद कपाटं. दगडी खलबत्ता, पोळपाट, मिसळणाचा डबा, सगळं गेलेलं. हेतू चांगलाच होता. पण पुढची सगळी वर्षं काकू त्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारख्या वावरल्या, ‘चहाची भांडी कुठे ठेवलीत?’ असं विचारत.

आईला वस्तू काढायला सांगायच्या आधी तुम्ही भावंडांनी आपापलं सामान उचला. माहेरचा माळा हे आपलं फुकटचं गोदाम असतं, हे आपण कबूल करत नाही. माझी एक पत्र्याची ट्रंक तिथे लग्नाच्या आधीपासून पडून होती. त्यात लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या नोट्स, तालुकानिहाय नकाशे, वर्तमानपत्रांची कात्रणं. मी त्या परीक्षेत पास झाले नाही आणि आता एका पतसंस्थेत सुखानं नोकरी करते. तरी अधिकारी व्हायला निघालेली ती मुलगी त्या ट्रंकेत तशीच राहत होती, आणि दर वेळी माहेरी गेल्यावर मला माळ्यावरून विचारायची, काय झालं मग? नोट्स रद्दीत घातल्या. कालबाह्य माहिती कुणाला अभ्यासाला देण्यात अर्थ नव्हता. ट्रंक आईनं गव्हाला घेतली. तुमच्या प्रश्नातलं ते ‘नव्यानं जगणं’ मला स्वतःला कुठे लाभलं असेल तर त्या दिवशी. आणि मी आधी माझं काढलं म्हणून आईही तिचं काढायला बसली, हा त्याचा दुसरा फायदा.

सुरुवात कागदांपासून करा. कंटाळवाणं काम आहे, पण पैसा तिथे असतो आणि रडू सगळ्यात कमी येतं. रद्दीवाल्याला एकही गठ्ठा न चाळता देऊ नका. अण्णांच्या पिढीनं कागद कुठेही ठेवलेत: पंचांगाच्या पानांत, देवघराच्या खणात, उशीच्या अभ्र्यात. आमच्याकडे एका कापडी पिशवीत जुनी शेअर सर्टिफिकिटं निघाली. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही तर असे शेअर केंद्र सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे जमा होतात, पण वारसांना ते परत मागता येतात. कागदी शेअरचं हस्तांतर १ एप्रिल २०१९ पासून बंद आहे, मात्र मृत व्यक्तीचे शेअर वारसांच्या नावे करता येतात. त्यामुळे ‘आता याचा काय उपयोग’ म्हणून फाडू नका. बँकेतल्या ठेवींचंही तसंच. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात आणि तिथूनही वारसांना मिळतात. त्या शोधायला २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ नावाचं पोर्टल आहे. वडिलांचं नाव आणि पॅन घालून बघा. सातबारा, फेरफार, खरेदीखत, विम्याच्या पॉलिसी, मृत्यूचा दाखला हे एका फायलीत घाला आणि फाईल कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असू द्या. अण्णांच्या आजारपणाचे रिपोर्ट आणि एक्स-रे आईनं बरेच दिवस जपून ठेवले होते. विम्याचं काम संपल्यावर तिनं स्वतःच ती फाईल बाहेर ठेवली. मी विषय काढला नव्हता.

जुन्या घरात मोडी लिपीतले कागद निघाले तर थांबा. इतिहासकार विश्वनाथ काशीनाथ राजवाड्यांनी असेच घरोघरचे कागद गोळा करत आयुष्य घालवलं आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. आमच्या शेजारच्या मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातून जुन्या पत्रांचे खंडच्या खंड छापले. तुमच्याकडे कदाचित किराणाची यादी निघेल. तरी मोडी वाचता येणाऱ्याला दाखवल्याशिवाय टाकू नका.

आता भांडी. इथे आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तो लागू द्यावा असं माझं मत आहे. आईकडे तांब्याचा बंब, हंडे, कळश्या, पितळेची पातेली, पराती, तपेली, असा संसार होता. कल्हईवाला दारावर येईनासा झाला तेव्हापासून बरंचसं पोत्यात बांधून वर गेलेलं. भाऊ म्हणाला, किलोवर देऊन टाकू. आईनं पहिलं तपेलं फडक्यानं पुसलं तर काठावर कोरलेलं नाव दिसलं. मग तिनं एकेक भांडं घासायला घेतलं. मावशीकडून लग्नात. शाळेच्या शिक्षकवृंदाकडून अण्णांना. वास्तुशांतीला अमक्याकडून. मोठ्या भावाच्या मुंजीला तमक्याकडून. काही देणारे तिला आठवेनात, काहींशी मधल्या काळात बोलणं बंद झालेलं. एका परातीवरचं नाव वाचून ती हसली आणि म्हणाली, ‘हिनं परात दिली आणि पुढे पंधरा वर्षं ऐकवली.’ ती परात पहिली गेली!

आईनं एका वहीत सगळी नावं उतरवली, भाचीनं मोबाइलवर फोटो काढले. त्यानंतर भांडी देणं तिला सोपं गेलं. रोज वापरता येतील अशी चार भांडी ठेवली, त्यांना कल्हई करून आणली, आणि आता आमटी खरंच त्यात होते. नाहीतर पितळ दिवाणखान्यात फुलदाणी म्हणून मांडायची जी नवी पद्धत आलीय ती मला फारशी पटत नाही. मोड घालायला जाल तेव्हा घरीच वजन करून जा, तांबं आणि पितळ वेगळं करा, कारण तांब्याला भाव जास्त मिळतो, आणि दोन दुकानांत विचारा.

‘सहा महिने वापरलं नाही ते टाका’ हा नियम मोबाइलवर फिरतो. तो आपल्या घरांना लागू पडत नाही. सोऱ्या दिवाळीला निघतो, पुरणयंत्र होळीला, गौरींचे मुखवटे वर्षातून तीन दिवस. वर्षभर डब्यात असतात म्हणून ती अडगळ ठरत नाहीत.

कपड्यांच्या बाबतीत आमच्या भागात एक सोय आहे, ती म्हणजे वाकळ, जुन्या कपड्यांची गोधडी. आजीची जुनी नऊवारी लुगडी, आईच्या विरलेल्या सुती साड्या, अण्णांची धोतरं हे सगळं वाकळ शिवणाऱ्या बाईंकडे दिलं. भावंडांना एकेक वाकळ मिळाली. त्यामुळे अण्णांचे कपडे ‘कुणाला द्यायचे’ हा अवघड प्रश्न आला तेव्हा तो निम्मा सुटलेला होता. उरलेले चांगले शर्ट धुऊन, इस्त्री करून दिले. फाटकं-विटकं आश्रमात नेऊन टाकायचं आणि त्याला दान म्हणायचं, हे कृपा करून करू नका. आधी फोन करून काय हवंय ते विचारा. वाचनालयांचंही तेच: त्यांच्याकडे जुन्या क्रमिक पुस्तकांना जागा नसते.

देवघरात आईनं कुणाचं ऐकलं नाही. कुलदैवताचे टाक ठेवले, झिजलेले सोनाराकडून नव्यानं घडवून घेतले. लग्नामुंजीत भेट आलेल्या देवांच्या तसबिरींचं मात्र काय करायचं कळत नव्हतं. लोक त्या पिंपळाखाली ठेवून येतात नाहीतर नदीत सोडतात. कृष्णेत काय काय सोडलं जातं ते आम्ही पुरानंतर अंगणात पाहिलं होतं. आईनं काचा आणि चौकटी काढल्या, कागद बादलीत भिजवून त्याचा लगदा बागेत मातीत घातला. शेजारच्या आजींना ते आवडलं नाही. आईला चाललं.

फोटोंना शेवटी हात लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी सगळे अल्बम उघडून बसतात आणि काम तिथेच संपतं. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. बारीक दोरा मागून सरकवत नेला की सुटतात. जुना डबा टीव्ही, मिक्सर, चार्जर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या. त्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं, भंगारात तो फोडला जातो.

भांडणं होतील, ती गृहीत धरा. एक पथ्य आम्ही पाळलं: आवरणं आणि वाटणी एका दिवशी करायची नाही. एखादी वस्तू दोघांना हवी असेल तर ती आईकडेच राहील, असं ठरलं. सोन्याचा विषय तर या कामात आणूच नका. माझी भावजय एका चांदीच्या अत्तरदाणीवरून रुसली होती. आईला ते समजलं तेव्हा तिनं ती अत्तरदाणी कुणालाच दिली नाही, अजून तिच्याकडेच आहे.

आणि नवं काय झालं म्हणाल, तर वरची खोली रिकामी झाली. आम्हाला वाटत होतं आई तिथे पोथी वाचत बसेल. तिनं आम्हाला न विचारता नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली भाड्यानं ठेवल्या. भाडं थोडकं, पण हिशेब ती स्वतः ठेवते. रात्री उशीर झाला की त्यांना रागावते, आणि त्यांच्याकडून रक्तदाब मोजून घेते. अण्णांच्या काळात घरातले सगळे व्यवहार ते बघायचे, आईला बँकेची स्लिप भरायची सवय नव्हती. आता ती फोनवर भाडं जमा झाल्याचा मेसेज वाचून दाखवते. साठवणं पूर्ण थांबलेलं नाही. श्रीखंडाचे डबे अजून निघतात, पण आता ते मुलींना डबा द्यायला जातात. दुःख कमी झालं का, हे मी सांगू शकत नाही. ती त्याबद्दल बोलत नाही.

राहिला दिवाळीच्या सुटीचा प्रश्न. सुटीत उरकत नाही. फराळ, पाहुणे, पहिल्या दिवाळीला वडील नसणं, त्यात माळा काढलात तर सगळ्यांची चिडचिड होईल आणि आईच्या तोंडून ‘घेऊन जा सगळं’ असं निघेल, ज्याचा अर्थ ‘घेऊन जा’ असा नसतो. संक्रांतीनंतर सुरू करा. हवा कोरडी असते, कपडे-कागद उन्हात टाकता येतात. सकाळचा चहा झाला की जेवणापर्यंत बसायचं, दुपारनंतर नाही, कारण थकलेला माणूस एकतर सगळं ठेवतो नाहीतर सगळं फेकतो. भावंडांनी आलटून पालटून यावं, एका वेळी एकानंच. मेच्या मध्यापर्यंत माळा रिकामा झाला पाहिजे. वळवाचा पाऊस सुरू झाला की उघडे गठ्ठे दमट होतात, आणि कसर लागते ती वेगळीच.