सर्टिफिकेट असलेली यीशिंगची किटली अस्सल असते का? आणि तिच्यात ऊलाँग चहा कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की बजेट 5,000 रुपये आहे, ऑनलाइन एका 'मास्टर'ची किटली सर्टिफिकेटसकट 4,500 ला दिसतेय, घेऊ का? नका घेऊ. (नवख्यांसाठी: यीशिंग हे चीनमधलं मातीच्या किटल्यांसाठी प्रसिद्ध ठिकाण, आणि ऊलाँग म्हणजे ग्रीन टी आणि काळा चहा यांच्या मधला चहा.)

4,500 रुपये म्हणजे 400 युआनही नाहीत. एवढ्यात बऱ्या मातीची, साच्याच्या मदतीने केलेली साधी किटली मिळते, आणि ती चहाला उत्तम चालते. नावाजलेल्या कारागिराने पूर्ण हाताने घडवलेली मिळत नाही. यीशिंगचे नामवंत कारागीर गू जिंगजोऊ (1915–1996) यांच्या किटल्या लिलावात लाखो युआनच्या पुढे जातात. त्यांच्या शिष्यांची कामंसुद्धा तुमच्या-माझ्या खिशाबाहेरची आहेत. तेव्हा या भावात मास्टरचं नाव मिळत असेल तर नाव खोटं, आणि ज्याने नाव खोटं टाकलं त्याच्या मातीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नोकरीनिमित्त मी काही वर्षं चीनमध्ये वूशीला होतो. यीशिंग वूशीच्याच अखत्यारीत येतं, ताई सरोवराच्या पश्चिमेला. पण किटल्या म्हणून जे काही आहे ते यीशिंगमधल्या डिंगशू या गावात. सुट्टीला बस पकडायची आणि तिथे जायचं, हा माझा ठरलेला कार्यक्रम. गल्लीत घराघरांतून थापटण्याचा आवाज येत असतो. मिंग काळातली एक लांबलचक चढती भट्टी तिथे आहे, ती आजही पेटवतात.

तिथल्या एका बाईंच्या कार्यशाळेत मी तासन्तास बसलोय. कारागिरांना तिथे सरकारमान्य पदव्या असतात, पायऱ्या-पायऱ्यांच्या. या बाई अगदी खालच्या पायरीवर. त्यांच्या नावाला बाजारात किंमत नाही. पण हात बघा! यीशिंगची किटली चाकावर होत नाही. माती लाकडी मोगरीने ठोकून तिची सपाट पट्टी करायची, पट्टी गोल वळवून टोकं जोडायची. मग एका हाताची बोटं आत, दुसऱ्या हातात थापी, आणि फिरत्या पाटावर ती नळी हळूहळू फिरवत बाहेरून थापटत न्यायची. बघता बघता नळीला पोट सुटतं. वरचं तोंड आवळत जातं, तिथे गोल चकती बसते. खालूनही तेच. पट्टीचा सांधा जिथे आलाय तिथेच बाहेरून कान बसवतात, म्हणजे सांधा झाकला जातो. शेवटी म्हशीच्या शिंगाची पातळ, ओली पट्टी अंगावरून फिरवतात. त्याने मातीतले वाळूचे कण आत दबतात आणि वर मंद तुकतुकी येते. कसलंही ग्लेझ (काचेसारखा लेप) नाही.

माझी किटली त्यांनीच केली. 110 मिलीची, साधी शुइपिंग (छोट्या, गोलसर पारंपरिक) आकाराची, एक रेघ नाही की फूल नाही. भाजून आल्यावर त्यांनी झाकण काढलं आणि ती काचेवर पालथी ठेवली. तोटीचं टोक, तोंडाची कड आणि कानाचा माथा, तिन्ही एकाच वेळी काचेला टेकले. 1,100–1,200 अंशांच्या भट्टीत माती आक्रसते, वाकते. ते सगळं आधीच हिशोबात धरून हे जमवायचं. खाली शिक्का त्यांच्या स्वतःच्या नावाचा. कागद काही नाही.

आता माझे साडू. त्यांनी शांघायच्या फिरतीवर, पर्यटकांच्या बाजारातून एक किटली आणली. मखमली पेटी, सोनेरी अक्षरांचं सर्टिफिकेट, त्यावर मास्टरचा फोटो. पुण्यात घरी सगळे जमले असताना माझी किटली हातात घेऊन त्यांनी विचारलं, "याचं सर्टिफिकेट कुठाय? नाही ना? मग ही अस्सल कशावरून?" मी त्यांच्या किटलीत उकळतं पाणी ओतलं आणि त्यांच्या नाकाखाली धरली. बुटाच्या पॉलिशचा वास. जुनेपणाची झाक आणायला पॉलिश किंवा मेण चोळण्याची युक्ती तिकडे सर्रास चालते. घरातल्या सगळ्यांना वास आला. साडू म्हणाले, नवीन मातीचा असेल. हा वाद आमच्यात आजही चालू आहे, आणि दर दिवाळीला तो कागद निघतोच.

म्हणून सांगतो. 2010 मध्ये चीनच्याच सरकारी टीव्हीवर या धंद्याचं पितळ उघडं पडलं होतं. साध्या मातीत आयर्न ऑक्साइड, मँगनीज डायऑक्साइड अशी रसायनं मिसळून 'जुन्या खाणीची माती' तयार होत होती. दुसरा प्रकार परकामाचा: किटली करतो गल्लीतला कोणीतरी, शिक्का आणि सर्टिफिकेट मास्टरचं, आणि कधीकधी मास्टरच्या संमतीनेच. म्हणजे सही खरी, कागद खरा आणि किटली त्याची नाहीच. सांगा, कागदाने काय सिद्ध झालं? 'ह्वांगलोंगशानची अस्सल माती' हे तर प्रत्येक दुकानात ऐकाल. त्या डोंगरावरचं खाणकाम 2005 च्या सुमारास बंद झालं. साठवलेली माती अजून आहे, पण जगभर विकल्या जाणाऱ्या स्वस्त किटल्यांना पुरेल इतकी नक्कीच नाही.

दुकानदार दाखवतात त्या चाचण्यांनीही भुलू नका. झाकणाच्या छिद्रावर बोट ठेवलं की धार थांबते, याचा अर्थ झाकण घट्ट बसलंय एवढाच. मातीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. खणखणीत आवाजाचंही तेच, तो भाजणीवर अवलंबून. त्यापेक्षा आत बघा. आतला भाग अगदी गुळगुळीत, एकसारखा असेल तर पातळ माती साच्यात ओतून केलेली समजा. भडक निळा, पोपटी, लालभडक रंग दिसला तर हात लावू नका. खऱ्या मातीचे रंग तपकिरी-जांभळट, विटकरी, पिवळसर असे दबलेले असतात आणि जवळून पाहिलं की लहानमोठे कण दिसतात. उकळतं पाणी घालून वास घ्या. ओल्या मातीचा यावा, दुसरा कुठलाही नको. आत कानाच्या बाजूला सांध्याची पुसट रेघ असणं चांगलं लक्षण. पण तीही हल्ली मुद्दाम काढतात, त्यामुळे एकट्या रेघेवर जाऊ नका.

आणि एक सांगू? ऊलाँगच प्यायचा असेल तर यीशिंगचाच हट्ट कशाला? दक्षिण चीनच्या गुआंगदोंग प्रांतातलं चाओजोऊ हे ऊलाँगच्या गोंगफू चहाचं (छोट्या किटलीत भरपूर पत्ती, थोड्या थोड्या वेळाच्या अनेक खेपा) घर. तिथे लाल मातीच्या छोट्या, पातळ किटल्या चाकावर करतात. नाव कमी म्हणून नकलाही कमी. माझ्या मते तुमच्या पैशात तिथली किटली जास्त प्रामाणिक मिळेल.

चहाचं थोडक्यात. किटली 100–120 मिलीचीच घ्या, अर्धा लिटरची घेऊन त्यात चमचाभर पत्ती टाकणं म्हणजे ऊलाँगचा अपमान. 100 मिलीला 6–7 ग्रॅम पत्ती. गोळ्यांसारखी वळलेली असेल (तिएग्वानयिन, तैवानची दोंगदिंग) तर ती पाव किटली दिसते आणि फुलून झाकणाला लागते. चीनच्या वूयी डोंगरातल्या खडकांवरची लांब पत्ती अर्ध्याच्या वर दिसते. पाणी खळखळ उकळलेलं. 'उकळत्या पाण्याने चहा जळतो' हे ग्रीन टीचं, इथे ते लावू नका. आधी रिकामी किटली गरम पाण्याने तापवा. पहिलं पाणी घालून लगेच ओतून द्या. मग 10–15 सेकंद, पुढच्या प्रत्येक खेपेला थोडे थोडे वाढवत जा, सहा-सात खेपा आरामात निघतात. प्रत्येक खेपेला शेवटचा थेंबही काढा, आत राहिलेलं पाणी पुढची खेप कडू करतं. बोअरचं जड पाणी वापरलंत तर सुगंध गेलाच म्हणून समजा. पुण्या-मुंबईचं नळाचं पाणी गाळून चांगलं चालतं.

किटलीला साबण कधीही नाही. गरम पाण्याने धुवायची आणि झाकण बाजूला ठेवून वाळवायची. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात झाकण लावून कपाटात ठेवलीत तर आत बुरशी धरणार. दूध-साखरेचा चहा चुकूनही ओतू नका. वास मुरतो, निघत नाही.

आता दोन गोष्टी राहिल्या. सच्छिद्र मातीने चहाची चव गोलसर, मऊ होते असं म्हणतात, पण माझ्या मते ते चांगल्या भाजलेल्या ऊलाँगबद्दल, म्हणजे दा होंग पाओ, शुइशियान, जुन्या पद्धतीचा तिएग्वानयिन. हल्लीचा हिरवा, फुलांच्या वासाचा तिएग्वानयिन मातीत मार खातो, त्याला चिनी मातीचा गायवानच (झाकणाचा, बिनकानाचा कप) बरा. दुसरं, लाखो रुपयांची किटली संग्रहासाठी घेणार असाल आणि पुढे विकायची असेल, तर कागदपत्रांना महत्त्व आहे. पण मग तो वस्तूचा इतिहास तपासण्याचा मामला झाला, पेटीत आयतं मिळणारं सर्टिफिकेट तिथेही कोणी विचारात घेत नाही. साडूंना हे मी अनेकदा सांगितलंय.

तुम्ही असं करा: 500–700 रुपयांचा साधा पांढरा गायवान घ्या, उरलेल्या पैशांचा चांगला चहा घ्या आणि दोन-तीन महिने पीत राहा. कुठला ऊलाँग आवडतो ते कळलं की त्याला साजेशी किटली शोधा. विक्रेत्याकडे आतले, तळाचे आणि तोटीच्या मुळाशी असलेल्या गाळणीच्या छिद्रांचे फोटो मागा, किती मिलीची आहे ते विचारा. तो हे न देता सर्टिफिकेटचा फोटो पाठवत राहिला, तर तिथून घेऊ नका.