कुत्रा बुडणाऱ्या माणसाला खरंच वाचवू शकतो का?

हो, पण सिनेमात दाखवतात तसा दातांनी कॉलर धरून नव्हे. इटलीत फेरुच्चो पिलेंगा यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या शाळेत न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडॉर वगैरे कुत्रे याच कामासाठी तयार होतात. कुत्र्याला हार्नेस, म्हणजे अंगाभोवती बांधायचा पट्टा असतो, त्याच्या पाठीवर धरायला मूठ. कुत्रा आणि त्याला शिकवणारा जीवरक्षक जोडीनेच पाण्यात उतरतात, कारण भेदरलेला माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो. जीवरक्षक एका हाताने त्याला सावरतो, दुसऱ्याने मूठ पकडतो. ओढायची मेहनत कुत्र्याची. न्यूफाउंडलंडच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा असतो, शिवाय दाट लव थंडी आत येऊ देत नाही. काही पठ्ठे तर हेलिकॉप्टरमधून थेट समुद्रात उडी घेतात! घरचा लॅब पोहतो म्हणून त्याच्या भरवशावर धरणात मात्र उतरू नका.