पणाला लागतो तो परवाना

प्रश्न : माझी भाची कॅलिफोर्नियात कायदा शिकते. डॉक्टरांच्या गैरवर्तनाची प्रकरणे चालवणाऱ्या सरकारी विभागात तिला उन्हाळी उमेदवारी करायची आहे. तिथे फौजदारी वकिली शिकता येईल का?

उत्तर : फारशी नाही. तिथे पणाला लागतो तो परवाना, तुरुंगवास नव्हे. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य वकिलाच्या, कार्यालयातील एक स्वतंत्र विभाग डॉक्टरांना परवाने देणाऱ्या मेडिकल बोर्डाच्या वतीने आरोपपत्र चालवतो. सुनावणी प्रशासकीय न्यायाधीशांपुढे होते आणि त्यांनी सुचवलेला निर्णय स्वीकारायचा की नाही, हे बोर्ड ठरवते. डॉक्टरचा परवाना काढून घ्यायचा तर पुरावा नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा भक्कम लागतो, मात्र फौजदारी खटल्याइतका निःसंशय नाही. विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा कागदच येतात : औषधाची मात्रा कोणत्या तारखेला वाढवली, त्या दिवशी रुग्णाला तपासल्याची नोंद केसपेपरवर आहे का, तज्ज्ञाचे मत त्या नोंदीशी जुळते का. काम कंटाळवाणे खरे, पण माझ्या मते प्रकरण उभे राहते किंवा ढासळते ते इथेच. आणि हो, फोनवर तिला किस्से विचारू नका. रुग्णांच्या नोंदी गोपनीय असतात.