वक्ता पटत नाही, मग काय करायचं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी साताऱ्यात टीवायला आहे. आमच्या कॉलेजच्या व्याख्यानमालेला असा एक वक्ता येतोय जो मुलींच्या शिक्षणाबद्दल आणि आंतरजातीय लग्नाबद्दल वाट्टेल ते बोलतो, त्याचे व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी बघितलेत. हॉलमध्ये घोषणा देऊन कार्यक्रम बंद पाडायचा आमचा प्लॅन आहे. सर म्हणतात ॲक्शन घेऊ. आम्हाला बोलायचं स्वातंत्र्य नाही का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : आहे की गं. राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये बोलायचा हक्क आहे, शांतपणे, हत्यारं न घेता जमायचा पण आहे, आणि निदर्शनं हासुद्धा बोलण्याचाच एक प्रकार होऊ शकतो हे सुप्रीम कोर्टानं 1962 ला बिहारच्या कर्मचाऱ्यांच्या केसमध्ये सांगून ठेवलंय. म्हणजे काळ्या फिती लावा, गेटबाहेर बोर्ड धरा, भाषण सुरू झालं की एकदम उठून बाहेर पडा, सगळं चालतं. फक्त आधी पेपरात बघा, आपल्याकडे सणावाराला जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चा जमावबंदी आदेश असतो, पाच जण जमले तरी पोलीस उचलतात.

पण बंद पाडणं वेगळं. तिथं कोरेगावहून एसटीनं आलेला एफवायचा पोरगा ऐकायला बसलेला असतो, त्याला वक्ता आवडत असेल किंवा नसेलही, पण त्याचं ऐकणं तू परस्पर रद्द करतेस, वक्ता काय, मानधन घेऊन जाणार आणि 'माझा आवाज दाबला' म्हणून चार ठिकाणी अजून बोलणार. कराडजवळच्या टेंभूचे आगरकर, पुण्यात सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. हलकटपणाच तो, पण प्रेतयात्राही निघाली आणि 1888 ला सुरू केलेला त्यांचा 'सुधारक'ही निघत राहिला.

अमेरिकेत 2017 ला मिडलबरी कॉलेजात चार्ल्स मरे आले होते, वंश आणि बुद्ध्यांक यावरच्या लिखाणामुळे वादात असलेले. पोरांनी पाठ फिरवून इतक्या घोषणा दिल्या की त्यांना दुसऱ्या खोलीत बसून कॅमेऱ्यावर बोलावं लागलं, आणि बाहेर पडताना धक्काबुक्कीत मान दुखावली कुणाची तर प्राध्यापिका ॲलिसन स्टँगर यांची, ज्या त्यांना अवघड प्रश्न विचारायला तिथं होत्या!

माझं स्पष्ट मत सांगू? तुम्ही माइक मागा. आपल्याकडे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचा परिचय जो संपता संपत नाही, मग अध्यक्षीय मनोगत, आणि प्रश्नांची वेळ आली की सूत्रसंचालक म्हणतो 'वेळेअभावी' आणि थेट आभारप्रदर्शन. पोरं घोषणा देतात कारण विचारायला जागाच ठेवलेली नसते. विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका 2016 च्या विद्यापीठ कायद्यात आहेत, पण कागदावरच, त्यामुळे कुणाला बोलवायचं हे तुम्हाला कोण विचारणार. तेव्हा प्राचार्यांना आत्ताच सहीचा अर्ज द्या की अर्धा तास प्रश्नोत्तरं हवीत, प्रश्न आधी निवडून घ्यायचे नाहीत, आणि अर्जाची पोच घ्या. नाही म्हटले तर मग खुशाल वॉकआउट, आणि त्याचं कारण तुमच्याकडे लेखी असेल.

प्रश्न : आम्ही सांगलीत छोटी व्याख्यानमाला चालवतो. यंदाच्या वक्त्यावरून फोन येतायत, 'आणलात तर बघून घेऊ'. ओळखीचे पोलीसवाले म्हणतात, पुढे ढकला ना, कशाला डोक्याला ताप.
– एक आयोजक, विश्रामबाग

उत्तर : काका, कुणाला बोलवायचं हा तुमचा प्रश्न, बोलावणं मिळणं हा कुणाचा हक्क नाही. पण एकदा बोलावलंत आणि फोनवरून रद्द केलंत, तर पुढच्या वर्षी यादी फोनवालाच ठरवणार. 1989 च्या रंगराजन केसमध्ये सुप्रीम कोर्टानं साफ सांगितलंय, मोर्च्याच्या किंवा हिंसेच्या धमकीला घाबरून अभिव्यक्ती दाबता येत नाही, बंदोबस्त देणं सरकारचं काम. म्हणून तोंडी सल्ला ऐकून घ्या आणि बंदोबस्ताचा अर्ज लेखी द्या, फोन नंबर-तारखांसकट.

सोपं नाहीये हे मला माहितीये. दिल्लीत रामजस कॉलेजनं 2017 ला जेएनयूचा विद्यार्थी उमर खालिद याचं निमंत्रण मागे घेतलं तरी दुसऱ्या दिवशी मारामारी झालीच. त्याच वर्षी अमेरिकेत बर्कलीत उजव्या विचारांच्या बेन शपिरोच्या एका भाषणाच्या बंदोबस्ताला सहा लाख डॉलर गेले, ती सरकारी युनिव्हर्सिटी, तिनं खर्च केला, तुम्ही वर्गणीवर चालवता. हॉल लहान घ्या, पास ठेवा, पण तारीख बदलू नका. 1975 ला, ऐन आणीबाणीत, कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी सरकारच्या विरोधात उभ्या असलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला सांगितली, आणि स्वागताध्यक्ष कोण, तर केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. पुढं 1976 ला बाईंना अटक झाली ती झालीच, पण संमेलन कुणी गुंडाळलं नाही.

प्रश्न : वक्ता स्टेजवरून सरळ 'अमक्यांना मारा' म्हणाला तर तेपण स्वातंत्र्यच का?
– मिरज

उत्तर : नाही. श्रेया सिंघल केसमध्ये 2015 ला कोर्टानं तीन पायऱ्या केल्या, चर्चा, समर्थन आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही कडू लागल्या तरी चालतात, तिसरीला घटनेच्या कलम 19(2) चे निर्बंध लागतात. तसं काही बोलला तर पूर्ण भाषण रेकॉर्ड करा, तीस सेकंदाची क्लिप नको, तिच्यात मागचंपुढचं कळत नाही आणि तक्रार तिथंच लटकते.