जुने अल्बम टाकून द्यायचे का?

प्रश्न: आईचे बरेच जुने अल्बम आहेत, ते चिकट पानांचे, वरून प्लास्टिक असलेले. पानं पिवळी पडलीत, फोटो निघता निघत नाहीत. स्कॅन करून टाकून दिले तर चालेल का? तसंही आता सगळं मोबाईलमध्येच असतं ना?

उत्तर: टाकू नका हो! हे अल्बम १९६०-७०च्या दशकांत आले आणि पटकन लोकप्रिय झाले, कारण प्लास्टिक उचला, फोटो ठेवा, काम झालं. पण तो गोंद आणि खालचा स्वस्त पुठ्ठा, दोन्हींनी फोटोंची वाट लावली. त्याआधीचे काळ्या पानांचे, कागदी कोपऱ्यांत फोटो अडकवलेले अल्बम बऱ्याचदा जास्त चांगले टिकलेत, कारण एकतर फोटोला गोंद लागायचाच नाही आणि कृष्णधवल प्रिंटमधली चांदी रंगीत प्रिंटच्या रंगांपेक्षा जास्त वर्षं टिकते. (बिनझंझटीच्या पानांचा सोस जुनाच, अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने १८७३ मध्ये आधीच गोंद लावलेल्या पानांच्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं.)

आधी प्रत्येक अख्ख्या पानाचा फोटो घ्या, म्हणजे कुठला फोटो कशाशेजारी होता आणि खाली आईने काय लिहिलं होतं ते राहील. मग डेंटल फ्लॉसचा (दातांच्या फटी साफ करायचा) धागा फोटोच्या कोपऱ्याखाली घालून करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे सरकवत न्या, फोटो वाकवू नका. नाहीच निघाला तर ओढाताण नको, पानासकटच स्कॅन करा. निघालेले फोटो ॲसिड-फ्री (आम्ल नसलेल्या) कागदावर, कोपरे लावून. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने आणि अगदी हलक्या हाताने, बॉलपेन नको.

आता मोबाईलचं. पूर्वी कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये साधारण ३६च फोटो, त्यामुळे क्लिक करतानाच निवड व्हायची, आणि अल्बममध्ये लावताना कोण, कुठे, कधी हे कुणीतरी लिहायचं. आता हजारो फोटो आहेत पण ते लिहिणं गेलं, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की क्वालिटी तर कमी होतेच, कुठे आणि कधी काढला ही माहितीही निघून जाते. म्हणून दरवर्षी मोजकेच निवडा, नावं घालून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तीन कॉपी करा, त्यातली एक घराबाहेर.

आणि हो, आईला शेजारी बसवून एकेक पान उलटा, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि तिला बोलू द्या. हे आधी, स्कॅनिंग नंतर.