जर्मनीत येताना: आधी पत्ता, मग इंटरनेटचा करार

नमस्कार. आपण ऑक्टोबरमध्ये पत्नी आणि मुलीसह पुण्याहून श्टुटगार्टला येत आहात. पहिल्या आठवड्यापासून घरून काम करायचे असल्यामुळे इंटरनेट निघण्यापूर्वीच मागवून ठेवावे का, मोबाईलसाठी कोणती कंपनी निवडावी आणि भारतातला क्रमांक बंद करावा का, असे आपले तीन प्रश्न आहेत. मला न्यूर्नबर्गला येऊन नऊ वर्षे झाली आणि या काळात तीन घरे बदलली, त्यामुळे या बाबतीतल्या बहुतेक चुका माझ्या करून झाल्या आहेत.

घरच्या इंटरनेटपासून सुरुवात करतो, कारण पुण्याहून येणाऱ्याला सर्वांत मोठा धक्का तिथेच बसतो. आपल्याकडे सकाळी फोन केला की संध्याकाळपर्यंत माणूस वायर आणि राऊटर घेऊन दारात उभा राहतो. इथे अर्ज केल्यापासून लाइन सुरू होईपर्यंत दोन ते सहा आठवडे गेले तरी कोणाला त्यात वावगे वाटत नाही. म्हणून घराच्या करारावर सही होऊन किल्ल्या मिळण्याची तारीख पक्की झाली की लगेच अर्ज करावा; मात्र कायमचा पत्ता हाती नसताना, केवळ तात्पुरत्या निवासाच्या भरवशावर, चोवीस महिन्यांचा करार कधीही करू नये.

अर्ज करताना आपल्या घरात आधी राहणाऱ्या भाडेकरूचे नाव आणि घराचे नेमके स्थान, म्हणजे कितवा मजला आणि जिन्यातून डावीकडे की उजवीकडे, हे घरमालकाला विचारून ठेवावे. इथे सदनिकांना बहुधा क्रमांक नसतात. सारा कारभार घंटीवरच्या नावावर चालतो. माझ्या दुसऱ्या घरी तंत्रज्ञ सकाळी आठ ते दुपारी एक या वेळेत येणार होता आणि मी रजा काढून घरात बसलो होतो. तो आला, खालच्या दारावर आमचे आडनाव त्याला सापडले नाही आणि ‘ग्राहक भेटला नाही’ अशी नोंद करून तो निघून गेला. घंटीवर अजून जुन्या भाडेकरूचेच नाव होते. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तेव्हापासून नव्या घरात सामान नेण्याआधी मी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून घंटीला आणि टपालपेटीला चिकटवतो. त्याचबरोबर तळघरातल्या जोडणीपेटीच्या खोलीला कुलूप असेल, तर त्या दिवशी किल्ली कोणाकडे असेल हे इमारतीच्या हाउसमाइस्टरला, म्हणजे देखभाल करणाऱ्या माणसाला, आधीच विचारून घ्यावे.

कोणती लाइन घ्यावी हे आपल्या आवडीपेक्षा इमारत ठरवते. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरची डीएसएल जवळजवळ सर्वत्र मिळते. टीव्हीच्या केबलवरून येणारे इंटरनेट कागदावर एक हजार मेगाबिटपर्यंत जाते, पण त्याचा अपलोड सहसा पन्नासच्या आसपासच थांबतो आणि संध्याकाळी सगळी इमारत घरी आली की वेगही मंदावतो. फायबर इमारतीत आलेले असेल तर दुसरा विचार करू नये. आपले काम व्हिडिओ बैठकांचे आहे, त्यामुळे जाहिरातीतल्या मोठ्या आकड्याऐवजी अपलोडचा आकडा पाहावा. राऊटर कंपनीचाच घेण्याची सक्ती नाही. ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचा राऊटर लावता येतो.

कराराविषयी मात्र सविस्तर सांगणे भाग आहे. डिसेंबर २०२१ पर्यंत दोन वर्षांचा करार वेळेत रद्द केला नाही, तर तो आपोआप एक वर्षाने वाढत असे. मी नोटीस द्यायला अकरा दिवस उशीर केला आणि सोडून आलेल्या घरातल्या लाइनचे पैसे वर्षभर भरले. आता कायदा बदलला आहे. पहिली मुदत संपल्यावर कोणत्याही वेळी एका महिन्याच्या नोटिशीने बाहेर पडता येते आणि घर बदलल्यावर कंपनी नव्या पत्त्यावर सेवा देऊ शकत नसेल, तर मुदतीच्या आतही तेवढ्याच नोटिशीने सुटका होते. ठरलेल्या दिवशी तंत्रज्ञ आलाच नाही तर भरपाई मागता येते. कबूल केलेला वेग मिळत नसेल, तर बुंडेसनेट्झआगेन्टुर या सरकारी नियामक संस्थेच्या मोजणी कार्यक्रमाने, लॅपटॉप केबलने जोडून, वेगवेगळ्या तीन दिवसांत मिळून तीस मोजण्या कराव्यात आणि तो अहवाल दाखवून बिल कमी करून घ्यावे. फोनवर किंवा ऑनलाइन केलेला करार चौदा दिवसांत विनाकारणही मागे घेता येतो. दुकानात जाऊन केलेल्या कराराला ही सवलत नाही, म्हणून विक्रेता कितीही गोड बोलला तरी दुकानात सही करू नये.

मधल्या आठवड्यांसाठी माझा सल्ला असा की, महिन्याच्या बोलीवर मिळणारा, सिम घालून थेट प्लगमध्ये लावायचा घरगुती राऊटर घ्यावा किंवा मोबाईलचा हॉटस्पॉट वापरावा. मोबाईलसाठी पहिले काही महिने प्रीपेडच बरे. टेलिकॉम, व्होडाफोन आणि ओटू ही तीन मोठी नेटवर्क आहेत. वन-अँड-वन चौथे उभारत आहे. किराणा साखळ्यांची स्वस्त सिमकार्डेही याच नेटवर्कांवर चालतात: आल्डीचे ओटूवर, लिडलचे व्होडाफोनवर. शहरात कोणतेही चालेल; खेड्यांतून आणि रेल्वेतून वारंवार प्रवास असेल तर टेलिकॉमचे जास्त पैसे मला वसूल झाल्यासारखे वाटतात. प्लॅन चार आठवड्यांचे असतात, महिन्याचे नव्हे, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज होतात हे हिशोबात धरावे. पोस्टपेडसाठी सहसा जर्मन बँक खाते मागतात आणि शुफा या पतनोंदणी संस्थेकडे नवख्या माणसाची काहीच नोंद नसल्यामुळे अर्ज नाकारलाही जाऊ शकतो. त्यात अपमान मानू नये.

जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळख पटवावी लागते. व्हिडिओवरून ओळख पटवताना माझा भारतीय पासपोर्ट दोनदा नाकारला गेला, तेच काम टपाल कार्यालयाच्या खिडकीवर पाच मिनिटांत झाले. पुण्याचा फोन आणावा, पण जर्मनीतले थ्री-जी २०२१ मध्ये बंद झाले असल्याने त्यात व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरून कॉल, चालते का हे इथे येताच तपासावे. नाहीतर कॉल आला की फोन टू-जीवर उतरतो.

आता भारतातला क्रमांक. तो बंद करू नका. बँकेचे ओटीपी, आधार, आयकर, सारे त्यालाच बांधलेले असते. २०२३ च्या आरंभी ज्या दहा देशांचे क्रमांक अनिवासी खात्याच्या युपीआयला जोडण्याची मुभा मिळाली, त्यांत जर्मनी नव्हता. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे, येणारा एसएमएस इथे पोहोचतो की नाही हे पहिल्याच दिवशी पाहावे, डेटा रोमिंग मात्र बंद ठेवावे आणि वैधता टिकेल एवढा रिचार्ज करत राहावे. नव्वद दिवस क्रमांक वापरलाच नाही तर तो काढून घेतला जाऊ शकतो. ते सिम दुहेरी सिमच्या फोनमध्ये कायम घालून ठेवा. माझे ड्रॉवरमध्ये पडून होते आणि मुदत ठेव मोडायच्या दिवशीच ते बंद झाल्याचे कळले. मग नवे सिम घेण्यासाठी नाशिकला जावे लागले.

आणखी एक. मुलगी किंवा येणारा पाहुणा आपल्या वायफायवर टोरेंट लावणार नाही याची काळजी घ्या. चित्रपटांच्या हक्कधारकांचे वकील जोडणीच्या मालकाला शेकडो युरो मागणारे पत्र पाठवतात. असे पत्र आलेच, तर सोबतच्या हमीपत्रावर सही करून परत धाडू नका. ग्राहक सल्ला केंद्रात, म्हणजे फेरब्राउखरत्सेन्ट्रालेत, ते आधी दाखवा.